मुक्यांची वाणी : कवी आणि नाटककार टोनी हॅरिसन



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा मी बोनस, ग्रॅच्युइटी किंवा कंत्राटी कामगार यांपैकी एखाद्या प्रश्नावर बोलेन, अशी त्यांची समजूत असावी. मी कळविलेला विषय वाचून चिटणीसांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेणाऱ्या माणसाने इंग्रज कवीवर बोलायला उभे राहावे, हे जरा नवलाचेच आहे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. माझे इंग्रजी आरोपपत्रे वाचून आणि शब्दकोश चाळून तयार झालेले आहे. तेव्हा प्राध्यापकाने केले असते तसे रसग्रहण माझ्याकडून होणार नाही. परंतु या कवीविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार माझ्याकडे आहे, असे मला वाटते. आणि तो कसा, हे आधी सांगतो.

कारखान्यात कामगारावर ठपका आला की चौकशी होते. अशाच एका चौकशीत मी एका कामगाराचा मित्र म्हणून बसलो होतो. मशीनवर बावीस वर्षे काढलेला माणूस. चौकशी अधिकाऱ्याने विचारले, "तुम्हांला आपल्या बचावात काही सांगायचे आहे?" हा म्हणाला, "काही नाही, साहेब." मी खाली पाहिले. बाहेर आल्यावर चहाच्या गाडीपाशी हाच माणूस अर्धा तास बोलत होता. कोणता पट्टा केव्हा तुटला, कोणाला सांगितले, कोणी ऐकले नाही, सारे क्रमवार, मुद्देसूद. एखाद्या वकिलाला जमणार नाही असे. शब्द त्याच्याजवळ होते. पण ते शब्द त्या खोलीत चालत नाहीत, असे त्याच्या मनाने फार पूर्वीच ठरवून टाकले होते. त्याची नोकरी गेली.

टोनी हॅरिसन या कवीने आपले सारे आयुष्य या एका गोष्टीवर खर्च केले. काही माणसांचे शब्द काही खोल्यांत का चालत नाहीत, आणि ते चालावेत यासाठी काय करावे?

हॅरिसनचा जन्म ३० एप्रिल १९३७ रोजी उत्तर इंग्लंडातील लीड्स शहरात झाला. लीड्स म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचे आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांचे गाव. आसपास यॉर्कशरच्या कोळशाच्या खाणी. बाप बेकरीत पाव भाजणारा कामगार. घरात पुस्तके नव्हती म्हटले तरी चालेल. मुलगा हुशार निघाला, आणि १९४८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, शिष्यवृत्ती मिळवून लीड्सच्या ग्रामर स्कूलमध्ये दाखल झाला. तेथे लॅटिन आणि ग्रीक शिकवीत. आईबापांना धन्य वाटले. मुलाच्या मात्र लवकरच ध्यानात आले, की या शाळेत प्रवेश मिळाला आहे तो त्याच्या बुद्धीला; त्याच्या जिभेला नव्हे.

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे. आपल्याकडे माणसाचे आडनाव विचारून त्याची पायरी ठरविणारे लोक आहेत. इंग्लंडात आडनाव विचारावे लागत नाही. माणसाने तोंड उघडले की पुरते. शब्द तेच, व्याकरणही बहुधा तेच, पण स्वर जरा जाड निघाला की हा गिरणीवाल्यांच्या वस्तीतला, हे ऐकणाऱ्याला कळते. 'आम्हांला' या अर्थी इंग्रजीत जो छोटासा शब्द आहे, तो सुशिक्षित इंग्रज 'अस्' असा म्हणतो. लीड्सचा कामगार तोच 'उझ्' असा म्हणतो. एवढासाच फरक. पण त्या फरकाच्या अलीकडे 'आम्ही' आणि पलीकडे 'ते' असे दोन देश वसलेले आहेत.

एके दिवशी वर्गात हॅरिसन कीट्सची कविता म्हणू लागला. मास्तरांनी त्याला मध्येच थांबविले. असल्या उच्चारात कीट्स म्हणायचा नसतो! पुढे नाटकातल्या भूमिका वाटताना त्याच्या वाट्याला 'मॅक्बेथ'मधला दारुडा द्वारपाल आला. शेक्सपिअरमध्ये राजे आणि सरदार पद्यात बोलतात, हलकी पात्रे गद्यात बोलतात. म्हणजे या मुलाला पद्याच्या दाराबाहेर उभे केले, ते अक्षरशः द्वारपाल करूनच. मोठेपणी या प्रसंगावर हॅरिसनने कविता लिहिली आणि तीत एक फार मार्मिक गोष्ट सांगितली. कीट्स स्वतः लंडनच्या सामान्य वस्तीतला, त्याचा उच्चारही तसाच. वर्ड्‌स्वर्थ उत्तरेकडचा, 'वॉटर' आणि 'मॅटर' या शब्दांचे यमक त्याच्या तोंडी बिनचूक जुळत असे, ते मास्तरांच्या तोंडी जुळत नाही! तात्पर्य, कविता कोणा एका उच्चाराची वतनदारी नाही. ती मागाहून कोणीतरी आपल्या नावावर करून घेतली आहे.

लीड्स विद्यापीठात त्याने ग्रीक-लॅटिनचे अध्ययन केले. मग १९६२ ते १९६६ ही चार वर्षे नायजेरियातील झारिया येथे अध्यापन. तेथे जेम्स सिमन्स या कवीच्या साहाय्याने त्याने अ‍ॅरिस्टोफेनीसच्या 'लिसिस्ट्राटा' या ग्रीक प्रहसनाला नायजेरियन पोशाख चढविला आणि विद्यार्थ्यांकडून त्याचा प्रयोग करविला. जुने नाटक उचलून दुसऱ्या देशकाळात नेऊन ठेवायचे, ही पुढे आयुष्यभर चाललेली कारागिरी तेथे सुरू झाली. नंतर एक वर्ष प्रागमध्ये. १९७० साली 'द लॉयनर्स' हा त्याचा मोठा काव्यसंग्रह निघाला. लॉयनर म्हणजे लीड्सचा रहिवासी. या पुस्तकाला पारितोषिक मिळाले, पण आईने ते वाचले तेव्हा ती रडली. तुला असले घाण लिहायला वाढवले नव्हते, असा तिचा बोल होता. पोराने लिहिलेले पुस्तक घरी येते आणि आईला ते लपवून ठेवावेसे वाटते. या गोष्टीतले दुःख समजायला साहित्यशास्त्र लागत नाही.

हे दुःखच त्याच्या पुढच्या कवितेचा विषय झाले. १९७८ पासून त्याने 'द स्कूल ऑफ एलोक्वेन्स', म्हणजे 'वक्तृत्वाची शाळा', या नावाखाली एक कवितामाला लिहावयास घेतली. नाव वाचून एखाद्या भाषणवर्गाची आठवण होईल. पण त्यामागे आमच्या चळवळीचा इतिहास आहे. १७९२ साली टॉमस हार्डी नावाच्या एका चांभाराने लंडनमध्ये कारागिरांची एक राजकीय संस्था काढली. मताचा हक्क प्रत्येक पुरुषाला असावा अशी तिची मागणी होती. १७९९ साली पार्लमेंटने कायदा करून ही संस्था बंद पाडली. त्याच वर्षी कामगारांच्या संघटनांवर बंदी घालणाराही कायदा झाला. दडपलेल्या मंडळींनी आपल्या बैठकांना जे पांघरूण शोधले, ते 'वक्तृत्वाची शाळा' हे होते. ई. पी. टॉमसन या इतिहासकाराने इंग्लिश कामगारवर्गाच्या घडणीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात हॅरिसनला हे नाव सापडले. बोलायला शिकणे आणि संघटना बांधणे ही एकाच कामाची दोन नावे आहेत, हे त्याने एका शीर्षकात सांगून टाकले.

या कविता सुनीताच्या घाटाच्या आहेत, पण चौदाऐवजी सोळा ओळींच्या. जॉर्ज मेरेडिथ या कवीने पूर्वी हा सोळा ओळींचा घाट वापरला होता. कामाच्या कपड्याला दोन खिसे जास्त लावावेत, तसे मला ते वाटते. एका कवितेत कोणी विचारते, तुला कवित्व कोणाकडून आले? उत्तर असे, की आपल्याला दोन काका होते, एक तोतरा आणि एक मुका! हे ऐकून हसू येते, आणि हसून झाले की मनुष्य गप्प होतो. दुसऱ्या एका कवितेत एका अथांग समजल्या जाणाऱ्या विवराची गोष्ट आहे. त्याची खोली किती, याची काही प्रतिष्ठित गृहस्थांना जिज्ञासा वाटली, म्हणून त्यांनी एका कैद्याला दोराने खाली सोडले. वर काढला तेव्हा त्याची वाचा गेलेली. इतिहासाची खोली मोजायला नेहमी गरिबालाच खाली सोडतात, आणि वर आल्यावर त्याने काय पाहिले हे कोणी विचारीत नाही. विचारले तरी त्याला सांगता येत नाही.

आईच्या मृत्यूनंतर बाप आणि मुलगा शेकोटीपाशी मुकाट बसलेले आहेत. मुलाचे शिक्षण दोघांच्या मधे भिंतीसारखे उभे आहे. बाप मेलेल्या बायकोच्या सपाता उबेला ठेवतो, तिचा बसचा पास नव्याने काढून आणतो. मुलगा मृत्यूनंतरचे जीवन वगैरे काही मानीत नाही. पण बापही गेल्यावर त्याच्या बंद पडलेल्या टेलिफोनचा क्रमांक तो नव्या वहीत उतरवून घेतो आणि फिरवतो. असल्या कविता मी आमच्या युनियनच्या कचेरीत बसून मराठीत सांगितल्या आहेत. माझ्या सहकाऱ्यांना त्यांत परके असे काही वाटले नाही.

आता नाटकांकडे वळू. कवीने नाटके का लिहिली? हॅरिसनच्या लेखी पद्य ही एकांतात कुजबुजण्याची वस्तू नव्हती. पद्य भर सभेत, मोठ्याने, पोटातून बोलायचे असते. १९७३ साली लंडनच्या नॅशनल थिएटरने त्याचे 'द मिझान्थ्रोप' रंगभूमीवर आणले. मोलिएरचे हे फ्रेंच नाटक त्याने १९६६ च्या पॅरिसमध्ये, द गॉल यांच्या राजवटीत, आणून बसविले, आणि सारे यमकबद्ध. लोक खदखदून हसले. ज्या पोराला पद्य म्हणायला बंदी होती, त्याच्या पद्यावर आता राजधानीतले नामांकित नट पोट भरत होते.

१९७५ चे 'फीड्रा ब्रिटानिका' आपल्या विशेष ओळखीचे आहे. रासीनच्या नाटकात राणी आपल्या सावत्र मुलाच्या मोहात पडते. हॅरिसनने ही कथा १८५७ पूर्वीच्या हिंदुस्थानात आणली. राजा झाला इंग्रज गव्हर्नर, राणी झाली मेमसाहेब, आणि सावत्र मुलगा झाला गव्हर्नरला रजपूत स्त्रीपासून झालेला पुत्र. मूळ नाटकात देवदेवता आणि समुद्रातून येणारा राक्षस आहे. येथे त्या जागी कोण? तर खुद्द हिंदुस्थान. म्हणजे साहेबाच्या मनातला, त्याला भेवडावणारा हिंदुस्थान. आपल्याच मनात दाबून ठेवलेली भुते माणूस ज्याला दाबून ठेवतो त्याच्या अंगावर फेकतो, हा त्यातला अर्थ. साम्राज्यावर भाषण न करता साम्राज्य उघडे केले आहे.

मग त्याने एस्किलसची 'ओरेस्टेया' ही प्राचीन नाट्यत्रयी हाती घेतली. त्यासाठी कित्येक वर्षे गेली. १९८१ साली पीटर हॉल यांच्या दिग्दर्शनाखाली तिचा प्रयोग झाला. सर्व नट पुरुष, सर्वांच्या तोंडावर मुखवटे, संगीत हॅरिसन बर्टविसल यांचे. भाषांतर गुळगुळीत करण्याचे त्याने टाळले. जुन्या सॅक्सन इंग्रजीच्या धर्तीवर दणकट जोडशब्द घडविले आणि त्यांना उत्तरेच्या बोलीचा ठोका दिला. १९८२ साली हा प्रयोग ग्रीसमधील एपिडॉरसच्या पुरातन प्रेक्षागारात झाला. लीड्सची बोली एस्किलसच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

परंतु मला विचाराल तर त्याचे सर्वांत आपुलकीचे नाट्यकार्य 'द मिस्टरीज' हे होय. मध्ययुगात यॉर्क आणि वेकफील्ड येथे बायबलातील कथांची नाटके होत. यॉर्कमध्ये ती नाटके कारागिरांच्या श्रेणी करीत, आणि प्रत्येक धंद्याकडे त्याला शोभेल असा भाग असे. नोहाची नौका बांधण्याचा प्रवेश जहाजबांधणी करणाऱ्यांचा. ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाचा पाववाल्यांचा. आणि क्रूसावर खिळे ठोकण्याचा खिळे-टाचण्या करणाऱ्यांचा! श्रमिकांचे असे नाट्य शतकानुशतके होते, आणि पुढे विद्वानांनी त्याला शुद्ध भाषेत बसवून निर्जीव केले होते. हॅरिसनने ते पुन्हा यॉर्कशरच्या तोंडी दिले. १९७७ मध्ये 'द पॅशन' हा भाग आला, १९८५ मध्ये तिन्ही भाग पूर्ण झाले. दिग्दर्शक बिल ब्रायडन. नट खाणकामगारांच्या, खाटकांच्या, बस-कंडक्टरांच्या वेषात प्रेक्षकांमध्येच वावरत, आणि परमेश्वर अवतरे तो माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाडीवरून. ज्याने गोदामात काम केले आहे त्याला यातली गंमत वेगळी सांगायला नको. पाव भाजणाऱ्याच्या मुलाने पाववाल्यांचे नाटक पाववाल्यांना परत केले.

ही त्रयी लंडनमध्ये पूर्ण होत असता उत्तरेत काय चालले होते? मार्च १९८४ मध्ये ब्रिटनच्या खाणकामगारांचा संप सुरू झाला. खाणी बंद करण्याच्या सरकारी धोरणाविरुद्ध तो वर्षभर चालला आणि मार्च १९८५ मध्ये पराभूत होऊन संपला. या काळात हॅरिसनने 'व्ही.' ही दीर्घ कविता लिहिली. त्याच्या आईबापांची थडगी लीड्सच्या होल्बेक दफनभूमीत आहेत. खाली फुटबॉलचे मैदान, आणि जमिनीच्या पोटात कोळसा काढून पोकळ झालेली जुनी खाण. सामना हरल्यावर तेथून जाणाऱ्या बेकार पोरांनी थडग्यांवर रंगाच्या फवाऱ्याने शिव्या लिहिल्या होत्या, आणि जागोजाग 'व्ही' हे अक्षर. ते अक्षर म्हणजे 'विरुद्ध', या संघाविरुद्ध तो संघ. कवीला मात्र बालपणीचे, युद्धकाळातले, भिंतीभिंतीवर खडूने काढलेले विजयाचे 'व्ही' आठवते. विजयाचे अक्षर वैराचे कसे झाले? मालक विरुद्ध मजूर, गोरा विरुद्ध काळा, आणि शेवटी माणूस स्वतःच्याच विरुद्ध.

कवी त्या शिवराळ पोराशी मनातल्या मनात वाद घालतो. मी तुझ्यासाठीच लिहितो, असे म्हणतो. पोरगा उडवून लावतो. तुझ्या कवितेने मला काय काम मिळणार आहे? शेवटी कवी म्हणतो, हिंमत असेल तर नाव लिही. पोरगा नाव लिहितो, आणि ते नाव कवीचे स्वतःचे निघते! शिष्यवृत्ती मिळाली नसती तर तो तेथेच फवारा घेऊन उभा असता. आईबापांच्या थडग्यावर पोरांनी लिहिलेला शब्द होता 'युनायटेड', म्हणजे फुटबॉल संघाचे नाव. पण त्याचा अर्थ 'एकत्र झालेले'. कवीला तो पुसून टाकवत नाही. आमच्या झेंड्यावरचाच शब्द तो!

४ नोव्हेंबर १९८७ रोजी रिचर्ड आयर यांनी केलेला या कवितेचा चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविला गेला, तेव्हा गहजब झाला. काही वृत्तपत्रांनी त्यातल्या शिव्या मोजल्या. पार्लमेंटात निषेधाचा ठराव मांडण्यात आला. उजाड झालेल्या वस्त्या कोणी मोजल्या नाहीत. पुढे २०१३ साली तीच कविता बीबीसीच्या रेडिओवरून हॅरिसनच्या आवाजात ऐकविण्यात आली.

नंतरच्या कामाचा थोडक्यात निर्देश करतो. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस येथील उकिरड्यांतून ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज संशोधकांनी हजारो पपायरसचे तुकडे उकरून काढले. त्यांत सोफोक्लीसच्या एका हास्यनाटकाचे अवशेष होते. त्यांत अर्धे बकऱ्यासारखे असणारे सॅटर वावरतात. १९८८ साली डेल्फी येथे प्रथम झालेल्या आपल्या नाटकात हॅरिसनने या सॅटरांच्या पायांत उत्तरेच्या गिरणी कामगारांचे लाकडी तळव्यांचे जोडे घालून त्यांना नाचविले. १९९० च्या लंडनच्या प्रयोगात शेवटी हेच सॅटर थिएटरबाहेर उघड्यावर झोपणारे निराश्रित होतात. वीणा मिळते ती देवाला. शोधून आणणारे मात्र बाहेर थंडीत. १९९१ च्या आखाती युद्धात जळून कोळसा झालेल्या इराकी सैनिकाच्या छायाचित्रावर त्याने लिहिलेली कविता 'गार्डियन' या वृत्तपत्रात आली. १९९५ मध्ये त्याच पत्राने त्याला बोस्नियाच्या युद्धभूमीवर पाठविले, बातमी कवितेत द्यावी म्हणून. चित्रफितीसाठी पद्य लिहून त्याने 'काव्यपट' असा एक प्रकारच रूढ केला. १९९८ च्या 'प्रोमिथियस' मध्ये माणसाला अग्नी आणून देणाऱ्या वीराची कथा त्याने यॉर्कशरच्या बंद पडणाऱ्या खाणीशी जोडली. ब्रिटनमधील शेवटची खोल कोळशाची खाण, तीही यॉर्कशरमधलीच, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. टेड ह्यूज यांच्या निधनानंतर राजकवीच्या पदासाठी त्याचे नाव घेतले जाऊ लागले तेव्हा, १९९९ साली, त्याने वृत्तपत्रात एक कविताच छापून ते पद नको असल्याचे सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, तो वारला.

आता एक आक्षेप. हॅरिसनची नाटके पाहिली कोणी? राजधानीतल्या थिएटरात तिकीट काढून बसणाऱ्यांनी. ज्यांची बाजू त्याने मांडली ते लीड्सचे बेकरीवाले तेथे नव्हते. हा आक्षेप खरा आहे. तो टीकाकारांच्याही आधी त्याच्या कवितेतल्या त्या पोराने घेतला आहे, आणि त्याला पुरते उत्तर हॅरिसनपाशीही नव्हते. त्याने दूरचित्रवाणी धरली, वर्तमानपत्र धरले. अंतर कमी झाले, मिटले नाही. वर गेलेल्या माणसाला खालची माणसे आपली वाटतात, पण खालच्यांना तो आपला वाटेलच असे नाही. हे मी ऐकीव बोलत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांत माझे वडील होते. गिरणी पुन्हा त्यांची झाली नाही. त्यानंतरची बरीच वर्षे ते खाटेवर बसून असत, आणि मी शेजारी बसून पुस्तक वाचीत असे. काय वाचतोस, असे त्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही. मला वाटे त्यांना कळणार नाही. आज वाटते, सांगण्याची भाषा माझ्याजवळच नव्हती. ज्या चौकशीच्या खोलीविषयी मी आरंभी बोललो, ती तेव्हा आमच्या घरातच होती, आणि तीत अधिकाऱ्याच्या खुर्चीवर मी होतो.

म्हणून हॅरिसनचे ऋण मला मोठे वाटते. चौकशीला जाण्यापूर्वी आता मी कामगाराला आरोपपत्राचे उत्तर लिहून देत नाही. त्याला चहाच्या गाडीपाशी बसवितो, त्याच्याच बोलीत बोलू देतो, आणि ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतो. अधिकाऱ्यांनी भाषेबद्दल नाक मुरडले तर मुरडू द्यावे. नोंदवून मात्र घ्यावेच लागते. प्रत्येक वेळी नोकरी वाचते असे नाही. पण "काही नाही, साहेब" हे उत्तर आमच्या कागदपत्रांत गेली काही वर्षे आलेले नाही.